अणुभट्टीची राखण कोणी करायची?

१९५७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर एक विलक्षण प्रकार घडला. कंबरलंड परगण्यातील शेतकऱ्यांनी नेहमीप्रमाणे पहाटे उठून गाईंच्या धारा काढल्या, दुधाचे कॅन भरले आणि मग ते सारे दूध ओतून दिले. गाई रोगी नव्हत्या. दूध नासलेले नव्हते, त्याला वास नव्हता, रंग बदललेला नव्हता. चाखून पाहिले असते तर चवीतही काही फरक कळला नसता. तरीही एक दिवस नव्हे, कित्येक आठवडे हा क्रम चालू राहिला आणि सुमारे वीस लाख लिटर दूध गटारांत व समुद्रात गेले. ज्याच्या घरी दुभते जनावर आहे त्यालाच हे दूध ओतताना काय वाटले असेल ते कळेल.

या दुधाचे कारण जवळच होते. विंडस्केल नावाच्या ठिकाणी सरकारची अणुभट्टी होती, तिला आग लागली होती आणि तिच्या उंच धुराड्यातून निघालेले विष वाऱ्याबरोबर कुरणांवर उतरले होते.

आता तुम्ही म्हणाल, कोठले इंग्लंड, कोठले ते दूध, आपल्याला त्याचे काय? तर आज मला त्या आगीपेक्षा तिच्या मागे उभ्या असलेल्या एका प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे, आणि तो प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. साखर कारखान्याचा बॉयलर पाहा. कारखान्याचा इंजिनियर कितीही हुशार असो, बॉयलर चांगला आहे असे त्याने स्वतःच लिहून दिलेले चालत नाही. त्यासाठी बाहेरचा बॉयलर निरीक्षक यावा लागतो, आणि त्याने नको म्हटले तर हंगाम तोंडावर आला असला तरी बॉयलर पेटत नाही. आपल्या शिक्षक मंडळींना जुन्या काळचे दिपोटी ऐकून माहीत असतील. हेडमास्तर कितीही सज्जन असले तरी शाळेची तपासणी हेडमास्तरांनी करायची नसते, दिपोटींनी करायची असते. एवढी साधी गोष्ट बॉयलरला लागू आहे, शाळेला लागू आहे. अणुभट्टीला मात्र ती लागू व्हायला जगात फार वर्षे लागली.

विंडस्केलच्या भट्ट्या बांधल्या त्या घाईत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकनांच्या खांद्याला खांदा लावून अणुबाँबच्या कामात होते. युद्ध संपले आणि १९४६ साली अमेरिकेने कायदा करून अणूविषयीची माहिती परक्यांना देणे बंद केले. ब्रिटनने मग ठरविले की बाँब आपला आपण करायचा. त्यासाठी प्लुटोनियम हवे आणि प्लुटोनियमसाठी भट्टी हवी. पहिली भट्टी १९५० च्या ऑक्टोबरात सुरू झाली, दुसरी १९५१ च्या जूनमध्ये, आणि १९५२ च्या ३ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाजवळच्या माँटेबेलो बेटांत ब्रिटनचा पहिला बाँब उडाला. तारखा पाहिल्या म्हणजे वेग ध्यानात येतो.

ही भट्टी म्हणजे ग्रॅफाइटचा एक प्रचंड ठोकळा. ग्रॅफाइट आपण रोज हातात धरतो, शिसपेन्सिलीतले काळे असते तेच. या ठोकळ्यात आडवी आडवी हजारो भोके आणि त्या भोकांत ॲल्युमिनियमच्या डब्यांत बंद केलेल्या युरेनियमच्या कांड्या. तापलेली भट्टी थंड ठेवण्यासाठी मोठमोठ्या पंख्यांनी वारा आत ढकलायचा, तो कांड्यांवरून फिरून शंभराहून अधिक मीटर उंचीच्या धुराड्यातून आकाशात सोडून द्यायचा. म्हणजे भट्टीचा श्वास आणि गावाचा श्वास एकच!

यात एक गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. सर जॉन कॉक्रॉफ्ट हे तेथील फार मोठे शास्त्रज्ञ, नोबेल पारितोषिकाचे मानकरी. धुराडी निम्मीअधिक उभी राहिल्यावर त्यांनी हट्ट धरला की वाऱ्याबरोबर जाणारे किरणोत्सारी कण अडवण्यासाठी त्यांवर गाळण्या बसवल्याच पाहिजेत. गाळणी खाली बसवायची वेळ निघून गेलेली. तेव्हा ती धुराड्याच्या अगदी माथ्यावर चढवावी लागली. शेकडो टन विटा, पोलाद आणि काँक्रीट एवढ्या उंचीवर चढवायचे म्हणजे खर्च किती आणि खटाटोप किती! कामावरचे लोक त्या फुगीर माथ्यांना ‘कॉक्रॉफ्टचा खुळेपणा’ म्हणू लागले. सात वर्षांनी आग लागली तेव्हा धुराबरोबर निघालेल्या कणांचा मोठा हिस्सा याच खुळेपणाने अडवून धरला.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण कॉक्रॉफ्टसाहेबांची वाहवा करतात, आणि ती योग्यच आहे. पण मला तिच्यात दुसरेही काही दिसते. गाळणी बसली ती एका वजनदार माणसाच्या हट्टामुळे. तसा नियम नव्हता, आणि गाळणीवाचून भट्टी पेटवू देणार नाही असे म्हणणारा निरीक्षकही नव्हता. कॉक्रॉफ्ट त्या वेळी थोडे मऊ पडले असते तर गाळण्या बसल्याच नसत्या. लाखो माणसांची सुरक्षितता एका भल्या माणसाच्या स्वभावावर सोपवलेली होती.

आता आगीकडे वळू. ग्रॅफाइटवर न्यूट्रॉनांचा मारा होत राहिला की त्यातले कार्बनचे अणू आपापल्या जागेवरून हलतात आणि त्या हललेल्या अवस्थेत ऊर्जा साठून राहते. विग्नर या शास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. साठलेली ही ऊर्जा अवचित बाहेर पडू नये म्हणून अधूनमधून भट्टी मुद्दाम तापवून ती हळूहळू मोकळी करावी लागे. हे काम आधी आठ वेळा झाले होते, आणि दर वेळी भट्टी थोडी वेगळी वागली होती. पण या कामासाठी नीट लिहून ठेवलेली कार्यपुस्तिका नव्हती. उष्णता मोजणारी उपकरणे बसवली होती ती रोजच्या कामाच्या हिशेबाने, या खास कामाच्या हिशेबाने नव्हेत. त्यातच दोन वेळांमधले अंतर वाढवण्यात आले होते. कारण भट्टी बंद ठेवली की उत्पादन बुडते, आणि त्या वर्षी बाँबवाल्यांना माल हवा होता. हायड्रोजन बाँबसाठी ट्रिटियम पाहिजे म्हणून लिथियम आणि मॅग्नेशियम यांच्या मिश्रधातूच्या कांड्याही याच भट्टीत भरल्या जात होत्या. ज्या कामासाठी भट्टी बांधली नव्हती ते कामही तिच्या गळ्यात पडले होते.

सोमवार, ७ ऑक्टोबर १९५७ रोजी नवव्यांदा हे तापवण्याचे काम सुरू झाले. दुसऱ्या दिवशी, ऊर्जा पुरती मोकळी झालेली नाही असे वाटून भट्टी पुन्हा तापवली. गुरुवारी, १० तारखेस, धुराड्याच्या माथ्यावरची उपकरणे किरणोत्सार दाखवू लागली. कामगारांनी एका भोकाचे बूच काढून आत पाहिले तो कांड्या लाल निखाऱ्यासारख्या धगधगत होत्या. वारा घालावा तर आग फुलते आणि वारा बंद करावा तर भट्टी तापते, असा पेच! लोखंडी कांबींनी जळत्या कांड्या मागे ढकलून पाहिल्या. कार्बन डायऑक्साइड सोडून पाहिला. कशाचा उपयोग होईना. शेवटी पाणी. पण तापलेल्या धातूवर पाणी पडले तर हायड्रोजन वायू तयार होऊन स्फोट होण्याचे भय. उपव्यवस्थापक टॉम तुओही हा माणूस भट्टीच्या छतावर पुन्हा पुन्हा चढून आत डोकावून आला होता. शुक्रवारी सकाळी पाणी सोडले. स्फोट झाला नाही. पुढे पंखे बंद केल्यावर आग विझत गेली. तोवर सुमारे ११ टन युरेनियम जळून गेले होते असा अंदाज आहे.

कामगारांच्या धैर्याविषयी दुमत नाही. प्रश्न त्यांचा नव्हताच.

धुरातून जे निसटले त्यात मुख्य होते किरणोत्सारी आयोडिन. ते गवतावर पडते. गवत गाय खाते, गाईचे दूध लहान मूल पिते, आणि मुलाच्या गळ्याजवळची थायरॉइड नावाची छोटी ग्रंथी ते सारे आयोडिन ओढून घेऊन साठवते. गवत, गाय, दूध, मूल, अशी ही चार पायऱ्यांची वाट. या आयोडिनचा जोर दर आठ दिवसांनी निम्मा होत जातो, म्हणून काही आठवडे दूध टाळले की धोका बराच टळतो. हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. पण दुधात किती आयोडिन चालेल आणि किती चालणार नाही, याचे ठरलेले माप मात्र त्यांच्याजवळ तयार नव्हते. आगीनंतर, दुधाचे नमुने हातात आल्यावर, घाईघाईने हिशेब करून लिटरला एक दशांश मायक्रोक्युरी अशी मर्यादा ठरवण्यात आली. शनिवारी, १२ तारखेला पहिल्या काही गोठ्यांचे दूध थांबवले, आणि दोन-तीन दिवसांत बंदीचा पट्टा सुमारे पाचशे चौरस किलोमीटरपर्यंत वाढला. नोव्हेंबर संपत आला तेव्हा कुठे शेवटच्या गोठ्यांचे दूध पुन्हा बाजारात गेले. शेतकऱ्यांना दुधाचे पैसे मिळाले, हे त्या सरकारच्या बाजूने सांगितले पाहिजे.

दुधावर बंदी घातली ती त्या घाईतही योग्य होती असेच पुढे बहुतेक तज्ज्ञांनी मानले. पण माप ठरवणारे कोण? भट्टी चालवणारी ब्रिटिश अणुशक्ती संस्था, म्हणजे १९५४ साली निघालेली सरकारी ‘ॲटॉमिक एनर्जी ऑथॉरिटी’. नमुने गोळा करणारे कोण? तिचीच माणसे. धोका किती हे सांगणारेही तेच. बाहेर दुसरा माहितगार नव्हताच. धुरात पोलोनियम नावाचा आणखी एक घातक पदार्थ होता, तो बाँबसाठी तयार केला जाई. त्याचा उल्लेख त्या वेळी लोकांपुढे झाला नाही. पोलोनियम धरून नव्याने हिशेब मांडले गेले ते फार उशिरा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या आगीमुळे पुढे सुमारे २४० जणांना कॅन्सर झाला असावा असा अंदाज केला आहे. हा अंदाज आहे, नावनिशीवार यादी नव्हे. तशी यादी कोणालाच करता येणार नाही.

चौकशी समिती बसली. तिचे अध्यक्ष सर विल्यम पेनी. हे पेनी कोण? ब्रिटनच्या बाँबच्या कामाचे प्रमुख. ज्या बाँबसाठी भट्टी राबत होती तो बाँब करणारा माणूस भट्टीच्या आगीची चौकशी करणार! पेनी सचोटीचे होते. त्यांनी दहा दिवसांत काम संपवून २६ ऑक्टोबरला अहवाल दिला आणि उपकरणे अपुरी होती, जबाबदाऱ्यांची वाटणी धड नव्हती, हेही स्पष्ट लिहिले. पण पंतप्रधान मॅकमिलन यांना वेगळी चिंता होती. अमेरिकेबरोबर अणुसहकार्य पुन्हा सुरू करण्याची बोलणी चालली होती. आपल्या भट्टीचा कारभार असा ढिसाळ आहे हे अमेरिकन काँग्रेसने वाचले तर? मूळ अहवाल दडवून ठेवण्यात आला. ८ नोव्हेंबरला लोकांसमोर आली ती सरकारी श्वेतपत्रिका, आणि ती वाचणाऱ्याचा समज असा व्हावा की सारा दोष त्या वेळी भट्टीवर असलेल्या माणसांच्या निर्णयातील चुकीचा. योगायोग असा की त्याच दिवशी प्रशांत महासागरातील ख्रिसमस बेटावर ब्रिटनने हायड्रोजन बाँबचा मोठा स्फोट घडवून आणला. पुढच्या वर्षी, जुलै १९५८ मध्ये, अमेरिकेशी करारही झाला. पेनींचा पूर्ण अहवाल लोकांच्या हाती पडला १९८८ च्या जानेवारीत. जी माणसे जीव धोक्यात घालून आगीशी झुंजली त्यांना तीस वर्षे तो ठपका वाहावा लागला. मला विचाराल तर या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय हाच.

आता थोडे पूर्वेकडे जाऊ. विंडस्केलच्या आगीआधी अवघे ११ दिवस, म्हणजे २९ सप्टेंबर १९५७ रोजी, रशियात उरल पर्वताच्या पलीकडे याहून मोठा प्रकार घडून गेला होता. तेथे चेल्याबिन्स्क-४० नावाचे गाव होते, पण नकाशात ते दाखवलेले नव्हते. तेथेही बाँबसाठी प्लुटोनियम काढीत. प्लुटोनियम काढून उरलेला अत्यंत किरणोत्सारी कचरा सुरुवातीला जवळच्या तेचा नदीत सोडला गेला, आणि काठच्या गावांतली माणसे त्याच नदीचे पाणी पीत होती. पुढे हा कचरा जमिनीखालच्या टाक्यांत साठवू लागले. असा कचरा आपोआप तापतो, म्हणून टाकीभोवती पाणी खेळवून तिला सतत थंड ठेवावे लागते. एका टाकीची ही व्यवस्था बिघडली. तेथली उपकरणे ते सांगण्याच्या स्थितीत नव्हती. आतले पाणी आटले, कोरडे क्षार तापत गेले आणि रविवारी दुपारी टाकी फुटली. १६० टन वजनाचे काँक्रीटचे झाकण उडाले. दोन कोटी क्युरी किरणोत्सार असलेल्या मालापैकी सुमारे वीस लाख क्युरी वाऱ्यावर स्वार होऊन ईशान्येकडे तीनशे किलोमीटरपर्यंत पसरला.

रात्री आकाशात दिसलेला विचित्र प्रकाश हा उत्तर ध्रुवाकडचा अरुणोदय होय, असे स्थानिक वर्तमानपत्राने छापले! अगदी जवळच्या तीन गावांतल्या हजारभर लोकांना हलवायला आठवडा-दहा दिवस लागले. ती माणसे, बहुतेक बश्कीर आणि तातार शेतकरी, तोवर त्याच शेतातले खात होती, त्याच गाईंचे दूध पीत होती. पुढच्या दोन वर्षांत मिळून दहा हजारांवर लोक घरदार सोडून गेले. का जायचे ते त्यांना धड सांगितले नाही. गुरे मारली, घरे पाडली. सोव्हिएट सरकारने हे मान्य केले १९८९ साली. १९७६ मध्ये परदेशी गेलेले रशियन शास्त्रज्ञ झोरेस मेदवेदेव यांनी एका इंग्रजी साप्ताहिकात या स्फोटाचा उल्लेख केला तेव्हा ब्रिटिश अणुशक्ती संस्थेचे त्या वेळचे अध्यक्ष सर जॉन हिल यांनी, ही निव्वळ कपोलकल्पित गोष्ट आहे, असे म्हणून ती उडवून लावली होती. एकीकडचे राज्य लोकशाहीचे आणि दुसरीकडचे हुकूमशाहीचे. पण अणूच्या घरातली माणसे एकमेकांच्या दारांचीही राखण करीत होती.

नाही म्हणायला दोन्ही देशांत फरक पडला तो येथून पुढे. इंग्लंडात दूध ओतले गेले होते, ते सर्वांनी पाहिले होते. पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. सर अलेक्झांडर फ्लेक यांच्या समितीने अणुशक्ती संस्थेची अंतर्गत घडी तपासून अहवाल दिले. १९५९ साली कायदा झाला की सरकारी परवान्यावाचून कोणालाही अणुभट्टी चालवता येणार नाही. १९६० मध्ये निरीक्षकांचे खाते निघाले आणि ते वीज-इंधन मंत्रालयात ठेवले. निरीक्षकाने अटी घालायच्या, भट्टी पाहायची, गरज पडल्यास थांबवायची. बॉयलरचा न्याय भट्टीला लागू झाला.

पण कायद्यात एक खिडकी उघडी ठेवली होती. परवाना सर्वांना लागेल, फक्त एकाला लागणार नाही. तो एक म्हणजे खुद्द अणुशक्ती संस्था! ज्या संस्थेच्या भट्टीला आग लागल्यामुळे कायदा झाला, तिलाच कायद्यातून सूट. तिच्या बाजूने सांगण्यासारखे काही होते, नाही असे नाही. अणूविषयीचे बहुतेक सारे ज्ञान याच संस्थेत एकवटलेले. भट्टीची नाडी ओळखील असा निरीक्षक बाहेरून आणायचा कोठून? विद्यार्थ्याला गुरुजींपेक्षा अधिक येत असेल तर परीक्षा कोण घेणार, अशी ही अडचण होती आणि ती खरी होती. परंतु खरी अडचण आणि कायमची सूट यांत अंतर आहे. वीज निर्माण करणाऱ्या नव्या केंद्रांवर पहारा बसला. संशोधनाच्या भट्ट्या आणि कचऱ्याची कोठारे, जेथे दर वेळी काहीतरी नवे आणि न केलेले करून पाहतात, ती मात्र घरच्याच पहाऱ्यात राहिली.

त्याचे फळ स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला डूनरे येथे दिसते. तेथे अणुशक्ती संस्थेचे संशोधन केंद्र होते. सांडपाणी समुद्रात सोडण्यासाठी समुद्रतळाखालून बोगदा खणला, त्याचे दगड वर काढण्यासाठी ६५ मीटर खोल एक विहीर पाडली होती. बोगदा झाला, विहीर रिकामी राहिली. खेड्यात पडक्या विहिरीचे काय होते ते तुम्हां-आम्हांला माहीत आहे. येथेही तेच झाले. १९५९ पासून रीतसर परवानगीने या विहिरीत किरणोत्सारी कचरा टाकायला सुरुवात झाली. विहिरीला अस्तर नाही, आत पाणी भरलेले आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. परवानगी देणारे सरकारी खातेच होते, पण विहीर बांधून काढा, टाकलेल्याची नीट यादी ठेवा, असे ठणकावून सांगणारा कोणी नव्हता. डूनरेच्या खास भट्टीत सोडियम आणि पोटॅशियम या धातूंचा रस वापरीत. शाळेत विज्ञानाच्या तासाला सोडियमचा बारीक तुकडा पाण्यात टाकून दाखवतात तो कसा पेट घेतो, हे शिक्षकांना सांगायला नको. तोच सोडियम-पोटॅशियमचा कचरा या पाण्याने भरलेल्या विहिरीत गेला. १९७७ च्या १० मे रोजी आत साठलेल्या हायड्रोजनचा स्फोट होऊन विहिरीचे झाकण उडाले. त्यानंतर कचरा टाकणे बंद झाले. पण ही हकिकत पुरतेपणी लोकांपुढे यायला १९९० नंतरचे दशक उजाडले. मधल्या काळात जवळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत इंधनाचे बारीक किरणोत्सारी कण सापडू लागले होते. १९९७ मध्ये त्या भागात दोन किलोमीटरच्या आत मासेमारी बंद केली. कंबरलंडच्या गवळ्यांनंतर आता कोळ्यांची पाळी.

अणुशक्ती संस्थेच्या केंद्रांना परवान्याच्या कायद्याखाली आणले गेले १९९० साली. पहिल्या कायद्यानंतर एकतीस वर्षांनी! आणि बाहेरच्या पहाऱ्याने काय होते ते आठ वर्षांतच दिसले. १९९८ च्या मे महिन्यात डूनरे येथे खोदाई करणाऱ्या एका यंत्राने विजेची तार तोडली आणि इंधनावर प्रक्रिया करणारा विभाग सोळा तास नेहमीच्या विजेवाचून राहिला. एरवी तार जोडून लोक कामाला लागले असते. या वेळी निरीक्षकांनी तेथले काम थांबवायला लावले, स्कॉटलंडच्या पर्यावरण खात्याला बरोबर घेऊन सारे केंद्र पायापासून तपासले आणि सप्टेंबरात अहवाल छापून काढला. त्यात एकूण १४३ शिफारशी होत्या. कंत्राटदारांवर फार विसंबल्यामुळे संस्थेची स्वतःची जाणती माणसे कमी झाली आहेत आणि साठलेल्या कचऱ्याच्या विल्हेवाटीची धड योजना नाही, असे त्यात उघड म्हटले होते. एका तुटलेल्या तारेवरून इतकी मोठी झडती निघाली, कारण झडती घेणारा घरचा नव्हता.

इतर देशही कमीअधिक फरकाने याच वाटेने गेले. अमेरिकेत अणुशक्तीचा प्रसार आणि तिच्यावरची देखरेख एकाच आयोगाकडे होती. १९७४ च्या कायद्याने तो आयोग मोडून देखरेखीचे काम वेगळ्या आयोगाकडे दिले. तरी बाँबचे कारखाने आणि तेथला कचरा त्या नव्या आयोगाच्या हाती बहुतांशी दिलाच नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिल झाले. १९९४ मध्ये देशादेशांनी मिळून अणुसुरक्षेचा करार केला आणि त्यात लिहिले की अणुशक्ती वाढवणारे खाते आणि तिच्यावर नजर ठेवणारे खाते यांचे काम परिणामकारक रीतीने वेगळे असावे. पण तो करार विजेच्या केंद्रांपुरता. कचऱ्यासाठी निराळा करार १९९७ साली झाला. संशोधनाच्या भट्ट्या तर पुन्हा बाजूलाच राहिल्या.

आपल्याकडचा धागा विंडस्केलच्या काळाला जाऊन मिळतो. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही आपली पहिली अणुभट्टी १९५६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, तिचे इंधन आले होते ते याच ब्रिटिश अणुशक्ती संस्थेकडून. भट्टी आपल्या लोकांनी बांधली, आणि तो अभिमान रास्तच आहे. कारभाराची घडी मात्र तशीच पडली. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने सारे अधिकार केंद्र सरकारच्या हाती दिले, आणि भट्टी बांधणारे, चालवणारे व तपासणारे एकाच खात्यातले राहिले. १९६९ मध्ये तारापूरला वीज निर्माण होऊ लागली. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले, त्याची कचेरी मुंबईतच. मंडळाने काम केले, नियम लिहिले, परवाने दिले. पण ते उभे होते सरकारी आदेशावर, आणि ते उत्तर देई अणुऊर्जा आयोगाला, ज्या आयोगाचे अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचे सचिवही असतात. दिपोटींचा पगार आणि बढती हेडमास्तरांच्या हाती असावी, तसे हे झाले.

२००० साली सरकारने ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र या मंडळाच्या देखरेखीतून बाहेर काढले आणि त्याची तपासणी केंद्राच्याच अंतर्गत समितीकडे दिली. केंद्राचे काही काम संरक्षणाशी निगडित आहे, ते उघड्यावर आणता येत नाही, हे कोणीही समजू शकेल. पण गुप्ततेसाठी पहारेकरी निवडून घ्यावा लागतो, पहाराच घरचा करावा लागत नाही, असे मला वाटते. ट्रॉम्बेच्या कुंपणापलीकडे चेंबूर आहे, खाडी आहे, खाडीत जाळी टाकणारे कोळी आहेत.

२०११ च्या सप्टेंबरात, फुकुशिमाच्या अपघातानंतर सहा महिन्यांनी, संसदेत एक विधेयक मांडले गेले. मंडळाच्या जागी कायद्याने उभे केलेले नवे प्राधिकरण आणायचे होते. पुढच्या वर्षी महालेखापालांनी आपल्या अहवालात मंडळाच्या दुय्यम दर्जावर नेमके बोट ठेवले. इतक्या वर्षांत देशाचे अणुसुरक्षा धोरण म्हणून काही लिहूनच काढलेले नाही, हेही त्यांनी नोंदवले. विधेयक मात्र संमत झाले नाही. २०१४ मध्ये लोकसभेची मुदत संपली, आणि तिच्याबरोबर तेही संपले. मंडळाला कायद्याचे अस्तित्व मिळाले ते १९६२ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या कायद्याने, आणि तो संसदेने संमत केला डिसेंबर २०२५ मध्ये. इंग्लंडात पहिला कायदा आणि डूनरेचा परवाना यांमध्ये ३१ वर्षे गेली होती. आपल्याकडे मंडळाची स्थापना आणि त्याला कायद्याचा आधार यांमध्ये ४२ गेली.